शून्य चोऱ्यांची तिमाही

उपायुक्तसाहेब अकरा वाजता येणार होते, आणि साडेदहाला पंचफुला ठाण्यात शिरली. तिच्या डाव्या कडेवर पितळी घागर होती. उजव्या हातात गोविंदाची गचांडी.

इन्स्पेक्टर चंपतरावांच्या टेबलावर त्या वेळी त्यांच्याच कारकिर्दीचा टंकलिखित सारांश होता. राष्ट्रपती पदकासाठीची ती शिफारस आज उपायुक्तांच्या सहीने वर जायची होती. सत्तावीस वर्षांची सेवा, चौदा प्रशस्तिपत्रे, धुळीतल्या पावलांवरून माणूस ओळखण्याचे दुर्मिळ कौशल्य. आणि या सर्वांवर कळस म्हणजे, एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या चालू तिमाहीत ठाण्याच्या हद्दीत चोऱ्या शून्य. हे शून्य चंपतरावांनी स्वतःच्या हाताने घडवले होते. तक्रारदाराला पाणी द्यावे, त्याच्या स्मरणशक्तीविषयी त्याच्याच मनात शंका उत्पन्न करावी, आणि अखेरीस 'गहाळ' या रजिस्टरात त्याचा अंगठा घ्यावा. उमेदीच्या काळात त्यांनी साठ चोर पकडले होते. बढती मिळू लागली ती मात्र चोर पकडणे सोडल्यानंतर.

"बस वं माय," ते म्हणाले. "पानी घे."

"पानी नाही पाहिजे. चोरी लिवून घ्या."

"घागर तं तुह्या कडेवर आहे. मंग चोरी कायची?"

"आठ रोज झाले, घरून गेली. आज सोमवारच्या बाजारात हा इकून राह्यला होता. सासू म्हनते, म्याच भावाच्या घरी पोचवली. आता घेऊन गेली तं म्हनन, भेवानं वापस आनली. मले शिक्क्याचा कागद पाहिजे साहेब. चोरली म्हनून."

"गहाळ लिवतो. शिक्का मोठा मारतो."

"गहाळ म्हनजे?"

"हरवली."

"म्हनजे म्याच हरवली! सासूले अजून काय पाहिजे?"

एवढ्यात गोविंदाने मान वळवता येईल तितकी वळवून नमस्कार केला. "वळखलं काय साहेब? सत्तावन साली आपनच पकडलं होतं मले. निस्त्या पायावरून." गुरूसमोर उभ्या राहिलेल्या जुन्या विद्यार्थ्याचा अभिमान त्याच्या आवाजात होता.

"चूप बस बे."

बाहेर जीप थांबली. त्यानंतरच्या दोन मिनिटांत चंपतरावांनी सत्तावीस वर्षांच्या अनुभवाचे सार ओतले. "लहानू, सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर काढ गा," त्यांनी हवालदाराला सांगितले, आणि मग ते गोविंदाकडे वळले. "हे घागर तुले सापडली. तू इमानदारीनं ठाण्यात आनून दिली."

गोविंदाने विचार केला. "मार नाही ना बसनार?"

"सत्कार होईन."

"मंग सापडली."

"मी अंगठा देत नाही," पंचफुला म्हणाली. मालकिणीच्या अंगठ्याशिवाय नोंद पुरी होत नव्हती, हे तिला कोणी सांगितले नव्हते. ते तिला चंपतरावांच्या चेहऱ्यावरूनच कळले.

उपायुक्त आत आले. ते विद्वान गृहस्थ होते. 'गुन्ह्यांतील घट: एक विवेचन' हा त्यांचा निबंध खात्याच्या मासिकात छापून आला होता, आणि त्यातली बरीचशी घट याच ठाण्याने पुरवली होती.

"हा प्रामाणिक नागरिक, सर," चंपतराव म्हणाले. "सापडलेली घागर जमा करायला आला आहे."

उपायुक्तांना गहिवरून आले. "कुठे सापडली रे?"

दोन मिनिटे प्रामाणिक असलेल्या गोविंदाला खोटे बोलण्याचे काही कारण दिसेना. "यायच्याच मोरीवर, जी. भर दुपारी. दाराची कडी काढून आत गेलो, तं यायची सासू ओसरीत घोरून राह्यली होती. तिची झोप मोडू नाही म्हनून हळूच उचलली."

लहानूचा टाक थांबला.

"घरात जागे कोणी नव्हते, सर," चंपतराव आवाजाची पट्टी न बदलता म्हणाले. "वस्तू असुरक्षित होती. म्हणून याने ती ताब्यात घेतली."

"बाजारात इकत होता!" पंचफुला ओरडली.

"मालक शोधत होता, सर. आठ दिवस."

उपायुक्तांनी चष्मा काढून पुसला. "वृद्धेची झोपमोडसुद्धा होऊ दिली नाही," ते हळूच म्हणाले. "हवालदार, हा सांगतो ते शब्दशः लिहा. मी स्वतः सही करतो. एक प्रत या बाईंना द्या."

लहानू लिहू लागला. पंचफुला त्याच्या खांद्यावरून त्या अक्षरांकडे पाहत राहिली; तिला ती वाचता येत नव्हती.

"सासू घोरत होती, ते लिवलं?"

"लिवलं."

"वाचा."

त्याने वाचले. दार, कडी, भर दुपार, ओसरी, घोरणे.

"अजून एक डाव वाचा."

त्याने पुन्हा वाचले. मग तिने असा अंगठा दाबला की शाई खालच्या पानावर उतरली. शिक्क्याचा कागद चोळीत खोचून, घागर कडेवर घेऊन ती निघाली. जाताना तिने कोणाला नमस्कार केला नाही.

उपायुक्तांनी शिफारशीवर सही केली, गोविंदाचा हात हातात घेऊन दाबला, आणि जीप गेली.

गोविंदा मात्र रेंगाळला. "साहेब," तो टेबलाशी वाकून म्हणाला, "रामदासपेठेत एका डाक्टरच्या बैठकीत भिंतीवर मोठं घड्याळ आहे. उद्या सापडन मले. इथंच आनून देऊ ना?"

चंपतरावांनी फाइलीची फीत बांधली, गाठ नीट बसली की नाही ते पाहिले.

"रामदासपेठ आपल्या हद्दीत नाही," ते म्हणाले. "तिथं सापडन ते तिथल्याच ठाण्यात जमा कर."