सांध्यावर सांधा

"पोरीचं नाव काढायला आलोय," मोहने गावच्या बालवाडीत पाऊल टाकताटाकताच दौलत गवंडी म्हणाला. हाताला सिमेंट तसंच होतं. "शेजारचा पोरगा शंभरपर्यंत आकडे घडाघडा बोलतो. आमची आपली रोज ठोकळे रचते! खेळायला घर काय कमी पडतं?"

बालवाडी चालवणाऱ्या मंजुळाबाईंचा पारा चढला. या महिन्यातला हा चौथा बाप. "खुशाल काढा नाव. पण ठोकळे काही मी कपाटात टाकणार नाही, कोणीही येऊ दे. आणि आधी ती करतेय काय, ते तरी बघा."

कोपऱ्यात चार वर्षांची संचिता भिंत रचत होती. खालचे दोन ठोकळे जिथे जुळत, बरोबर तिथेच ती वरच्या ठोकळ्याचा मध्य आणत होती. दौलत तिच्यापाशी उकिडवा बसला.

"सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, हे हिला तुम्ही शिकवलं?"

"मला कुठलं येतंय? दोनदा भिंत पडली, दोनदा रडली. तिसऱ्यांदा तिनेच अशी लावली."

"मला हे कळायला सहा महिने मिस्त्रीच्या शिव्या खायला लागलेल्या, बाई."

"मग, काढू नाव?"

दौलतचं लक्षच नव्हतं. वरचा एक ठोकळा जरा तिरका दिसला, तसा सवयीने त्याचा हात पुढे गेला.

संचिताने तो फटकन बाजूला सारला. "पप्पा, हात नाय लावायचा! पडली तर मी परत बांधीन."