पांढरे टायर

औषधांच्या गोदामात फोर्कलिफ्टच्या टायरांनी फरशीवर काढलेल्या काळ्या रेघा पाहिल्या की नव्या साहेबांच्या मस्तकात तिडीक जायची. त्यांनी डाग न पाडणारे पांढरे टायर बसवून घेतले आणि जुन्या रेघा घासून घासून काढवल्या. फरशी आरशासारखी झाली, आणि दुसऱ्याच सकाळी फोर्कलिफ्टवाल्या मावशींनी गाडी थेट खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांत घातली.

"मावशी, इतकी वर्षं चालवताय, आणि आजच धडक?"

"अहो साहेब, कुठं वळायचं, कुठं ब्रेक दाबायचा, ते त्या रेघांवरूनच तर कळायचं!"

 

दुपारी साहेब काळ्या रंगाचा डबा घेऊन फरशीवर उकिडवे बसले होते, आणि मावशी सीटवरून सांगत होत्या, "थोडं डावीकडे घ्या... हां, आता वळवा."