सांग रं टायगर

टायगर मेला आणि दादासो-जालिंदर या सख्ख्या भावांमधलं बोलणं बंद पडलं.

तसं ते आईच्या मातीपासूनच बंद होतं. तिच्या थडग्याच्या क्रूसावर दोघांपैकी कुणाचं नाव आधी घालायचं, यावरून फाटलं. जो पहिल्यांदा दुसऱ्याशी बोलेल तो हरला, हे दोघांनी न ठरवता ठरवलं. पण मिरजेजवळच्या त्या घराला ओटा एक, नळ एक आणि कुत्रंही एकच. म्हणून एकमेकांना सुनवायचं ते सगळं टायगरला.

“टायगर, काही लोक नळाला मोटर लावत्यात. वर चर्चमधी पुढच्या बाकावर बसत्यात. लाज न्हाई रं.”

“टायगर, काही लोकांची नजरच लय घाण. असल्या नजरेनं दूध नासतंय, सांग त्यास्नी.”

टायगर शेपूट हलवायचा. शांत कुत्रं. दिवाळीच्या सुतळी बॉम्बलाही दचकायचा नाही.

आता शनिवारी जालिंदरच्या अपेक्षाची हळद होती. थोरल्या चुलत्याला तोंडानं आवतण द्यावं लागतं. नुसती पत्रिका टाकली की तो अपमान. अपेक्षानं स्पष्ट सांगितलं, “दादासो आण्णांनी पहिलं बोट लावल्याशिवाय मी हळद लावून घेणार न्हाई.”

जालिंदरनं टायगरच्या जागी एक कोंबडी आणून बघितली. ती एका जागी थांबेना.

शुक्रवारी प्रार्थनेला पाळकसाहेब आले. सगळे ओट्यावर बसले. दादासो त्याच्या टोकाला, पाठ फिरवून. पाळकसाहेबांनी लूकचं शुभवर्तमान उघडलं. सुरुवातीलाच लूक म्हणतो की, थियफिल महाराज, मी सगळी नीट चौकशी करून हे तुमच्यासाठी लिहितोय.

अपेक्षानं विचारलं, “त्या एकट्यासाठी लिहिलंय, तर आपण कशाला वाचायचं?”

“नाव त्याचं. पोचवायचं होतं सगळ्यांना,” पाळकसाहेब म्हणाले.

“पण हा थियफिल होता कोण?”

“नक्की कुणालाच माहीत नाही. सांगायला समोर कुणीतरी लागतं, बाळ.”

जालिंदर ताडकन उठला. रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीसमोर जाऊन त्यानं हात जोडले.

“थियफिल महाराज, उद्या हळद हाय. काही लोकांनी निदान पोरीकडं बघून यावं. नंतर हवं तर परत मरा म्हणावं तिकडं.”

पाळकसाहेबांनी पुस्तक हळूच मिटलं.

दादासोची पाठ हलली नाही. “महाराज, काही लोकांना सांगा, असल्या आवतणावर आमी थुंकतो.”

“महाराज, त्यांना म्हणावं, थुंका. पण हळदीला येऊन थुंका.”

खुर्ची गप्प. अपेक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय हो महाराज,” दादासो खेकसला, “कायतरी बोला की! का तुमीबी आमच्या टायगरवाणी जन्माचं ठार बहिरं?”

जालिंदर गर्रकन वळला. “दादा! तुलाबी म्हाईत होतं?”

दादासो पहिल्यांदाच भावाकडं तोंड करून बसला.

“पिल्लू होतं तवापासनं,” तो म्हणाला. “हरलास गड्या. हळद किती वाजता हाय?”