कारण नसलेला पॅच

“हाही गेला,” वारसदार म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

वारसदार हे नाव तिनेच मनातल्या मनात ठेवलं होतं. वडील जाऊन तीन आठवडे झाले होते आणि हा पन्नाशीचा अनोळखी गृहस्थ सकाळपासून त्यांच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या वाट्याला आलं होतं एक पॅकेज. पत्रं, अहवाल, पुस्तकं लिहायचा एक अवाढव्य प्रोग्राम, जगभरच्या लोकांनी मिळून फुकट तयार केलेला. तो लिनक्स या संगणकप्रणालीच्या एका डिस्ट्रोमध्ये, म्हणजे तयार संचात, नीट बसेल असा बांधून द्यायचा, एवढंच तिच्या वडिलांचं काम. तेही फुकट. वीस वर्षं.

याला काम म्हणणं हीच मुळी थट्टा होती. इतरांचे वडील काहीतरी बनवत. हे दुसऱ्यांनी बनवलेलं बांधत. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या याच. फरक इतकाच की लष्कराला निदान भूक असते. नवी आवृत्ती आली की ती बांधायला त्यांचा हा संगणक नऊ-नऊ तास घरघरत बसे. खोलीची भट्टी होई. आई त्याच्या पाठीवर ओले मोजे वाळत घाली आणि म्हणे, “काहीतरी उपयोग होऊ दे बाई याचा.”

आता दुपारी तो न्यायला भंगारवाला येणार होता. त्याआधी वारसदाराने हवं ते उतरवून घ्यावं आणि निघावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

“चाळीस पॅच आहेत हो, ताई. चाळीस ठिगळं!” तो म्हणाला. “प्रोग्राम चांगला होता. तुमच्या वडिलांनी त्याची गोधडी करून ठेवली.”

तिला तो जवळजवळ आवडला.

त्याचं काम सरळ होतं. मूळ प्रोग्राममध्ये बांधणाऱ्याने जो बदल केला असेल, त्याच्या डोक्यावर कारण लिहिलेलं असायला हवं. कारण नसेल तर बदल काढून टाकायचा. हा नियम वडिलांनीच घालून दिला होता आणि तो मोडणाऱ्यांना ते लांबलचक पत्रं लिहीत. त्यांच्या पॅचना दोन-दोन परिच्छेदांची कारणं होती. वारसदार ती वाचत होता, नाक मुरडत होता, काही ठेवत होता, बरेच उडवत होता.

“अरे वा!” तो एकदम पुढे झुकला. “लोकांना ब्रह्मज्ञान, आणि हे पाहा. कारणाच्या जागी नुसती तारीख.”

“काय करतो तो?” तिने विचारायचं म्हणून विचारलं.

“लिहिलेलं दर मिनिटाला आपोआप सेव्ह करतो. मूळ प्रोग्राममध्ये ही सोय आहे, पण बंद ठेवलेली. हवी त्याने चालू करावी. यांनी सगळ्यांनाच चालू करून दिली. मूळ मंडळींनी चार वेळा साभार परत केलं, तरी हे दर आवृत्तीत ती ओळ शोधून, हाताने पुन्हा बदलत बसले. एकतीस वेळा! कोणासाठी? तर सेव्हचं एक बटण दाबता येत नाही असल्या माठांसाठी.”

तिने मान डोलावली. तिला पटलं होतं.

“कधीची तारीख?”

“अकरा वर्षांपूर्वीची. नऊ मार्च.”

दहा मार्चला तिला प्रबंध द्यायचा होता. आठ तारखेच्या संध्याकाळी वीज गेली आणि याच प्रोग्राममध्ये लिहिलेली शेवटच्या प्रकरणाची सतरा पानं पुसली गेली. ती रडत याच दारात येऊन उभी राहिली होती. बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “सेव्ह नव्हतं केलंस?” एवढंच बोलले आणि तोंड पुन्हा पडद्याकडे केलं. दुसरा अख्खा दिवस ती पलीकडच्या खोलीत ती पानं आठवून आठवून टाइप करत होती आणि भिंतीतून या यंत्राची घरघर ऐकत होती. बाबा जेवायलाही बाहेर आले नाहीत. मुलगी बुडते आहे आणि बाप लोकांची गाठोडी बांधतो आहे, असं तिने आईला सुनावलं होतं. त्यानंतर तिने या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आज टाकलं ते भंगारवाला येणार म्हणून.

“त्या दिवशी,” ती म्हणाली, “संगणक कशासाठी चालू होता, ते कळतं का?”

“न कळायला काय झालं? नोंद असते की. सकाळी सात चाळीसला बांधायला घेतलंय, संपलंय पाचच्या सुमाराला. आणि मजा म्हणजे त्या दिवशी बाकी काहीच बदललेलं नाही. या एका ओळीपायी नऊ तास! आहे की नाही कमाल?” त्याचं बोट बटणाकडे गेलं. “काढतो.”

“थांबा.”

“थांबून काय करू, ताई? कारण नाही, तर ठेवता येत नाही. नियम तुमच्या बाबांचाच.”

खालून भंगारवाल्याची हाक आली. तिने खिडकी लावून घेतली.

“मग कारण लिहा.”

“काय लिहू?”

“लिहा,” ती म्हणाली, “बांधणाऱ्याच्या घरात एक माठ मुलगी आहे.”