शुक्रवारची ओळ

“माझा कॉम्प्युटर दर शुक्रवारी सकाळी आठ पंचावन्नला आपोआप बंद का होतो?”

फिनलंडहून आलेला हा प्रश्न महेंद्रनं दोनदा वाचला. त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच त्याला कळेना. त्यानं उत्तर लिहिलं, “कारण नऊला लाइट जाते.”

पाच मिनिटांत पलीकडून आलं, “कुठे?”

मग महेंद्रची ट्यूब पेटली.

महेंद्र अंबरनाथ एमआयडीसीत मेंटेनन्सला. राहायला बदलापुरात, खरवईला, तिसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांसाठी बारीकसारीक प्रोग्राम लिहायचे आणि जगाला फुकट वाटायचे, हा त्याचा अकरा वर्षांचा छंद. जगानं त्याची फारशी दखल घेतली नव्हती. त्यातल्या त्यात चालला तो ‘आवर’. एक आज्ञा दिली की उघड्या फायली सेव्ह करायच्या, पसारा मिटवायचा आणि मशीन बंद करायचं. नाव वृंदाच्या तोंडून उचललं होतं. ती हा शब्द नवऱ्याला दिवसातून दहादा ऐकवायची. फक्त तिच्या आज्ञेनं काही बंद होत नसे.

शुक्रवारची ओळ त्यानं स्वतःसाठी टाकली होती. एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी, आणि लाइटचीही शुक्रवारीच. नऊ ते दोन. एकदा चालू कामात लाइट गेली, तिच्याबरोबर हार्ड डिस्कही गेली. तेव्हापासून ‘आवर’ पाच मिनिटं आधीच मशीन झोपवायचा. ती ओळ प्रोग्रामबरोबर जगभर गेली, हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. इन्व्हर्टर घेऊ या म्हटलं तर वृंदा म्हणायची, “पाच तासांसाठी कशाला? एवढं काय अडतंय तुमचं?” शेजारच्या राजेंद्रकडे शुक्रवारीही टीव्ही ऐकू यायचा. पण त्यानं इन्व्हर्टर बसवलाय, असं वृंदानंच सांगितलं होतं.

फिनलंडची बाई साधीसुधी नव्हती. लिनक्सबरोबर जगभर जाणाऱ्या प्रोग्रामांचा एक संग्रह ती जमवत होती. तिनं कळवलं, “ती ओळ काढा. येत्या शुक्रवारी, तुमच्याकडच्या दुपारी बारापर्यंत पाठवा. ‘आवर’ घेते. बारानंतर यादी बंद.” अकरा वर्षांत महेंद्रकडे कुणी काही मागितलं होतं ते हे पहिल्यांदा.

त्याच चर्चेखाली कुणा धम्मदीपनं लिहिलं होतं, “सर, मी पण खरवईचा. आपल्याकडे शुक्रवारची लाइट जायची बंद होऊन दीड वर्ष झालं. तुमची डीपी वेगळी आहे काय?”

महेंद्रनं खिडकीतून कोपऱ्यावरच्या, वीज वाटणाऱ्या डीपीकडे पाहिलं. सगळ्या गल्लीला ती एकच होती. काहीतरी फेकतोय झालं, असं म्हणून त्यानं तो विषय सोडून दिला.

ओळ काढायला अर्धं मिनिट लागलं. पण मशीन चालवून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा त्याचा कारखान्यातला नियम. कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे ढकलून चाचणी घेणं त्याला लबाडी वाटे. तो शुक्रवारपर्यंत थांबला. आठ पंचावन्न झाले. मशीन चालूच राहिलं. महेंद्रनं बोटं मोडली आणि लाइट जायच्या आत पाच मिनिटांत होईल, या हिशेबानं सोबतचं पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी पत्राला त्याला प्रोग्रामपेक्षा जास्त वेळ लागतो. तिसऱ्या ओळीवर नऊ वाजले आणि स्क्रीन काळी झाली.

“गेली हो लाइट!” पॅसेजमधून वृंदा म्हणाली.

महेंद्र बाहेर आला. वृंदा स्टुलावरून उतरत होती. तिच्या डोक्यावर मेन स्विचच्या पेटीचं झाकण उघडं होतं. शेजारी राजेंद्रकडे मिक्सर ओरडत होता. घरगुती इन्व्हर्टरवर मिक्सर असा ओरडत नाही, हे मेंटेनन्सच्या माणसाला कुणी सांगायला नको. आजवर कितीदा तो ओरडला असेल, ऐकू मात्र आजच आला.

वृंदानं झाकण लावलं, स्टूल जागेवर सरकवलं, परातीत वालाच्या शेंगा ओतल्या आणि खाली बसली. “या, बसा. आता दोनपर्यंत काय करणार आहात?”

महेंद्र मेन स्विचखाली उभा राहिला. त्याला स्टूलही लागलं नसतं, हात वर केला की झालं. पत्राच्या दोन ओळी उरल्या होत्या आणि बारा वाजायला तीन तास होते.

लेकीला, तेजलला, नोकरी सोडायचीय हे तिनं आधी वृंदाला सांगितलं आणि वृंदानं त्याला, ते एका शुक्रवारी. त्याच्या आईला गावाहून इथं आणायचं की नाही, यावर नवरा-बायको लागोपाठ दोन शुक्रवार भांडली होती. वृंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं, हेही शुक्रवारीच ठरलं. गुडघा मागच्या पावसाळ्यातला. म्हणजे या दीड वर्षातलाच.

“राजेंद्रचा इन्व्हर्टर चांगला दणकट दिसतोय,” तो म्हणाला.

वृंदाचा हात शेंगेवर थांबला. “असेल. आपल्याला काय करायचंय?”

“काही नाही.” तो मांडी घालून बसला. “शेंगा जून आहेत गं.”

“मग जून तेवढ्या बाजूला काढा. तोंडानं नका सोलू.”

बारा वाजले. मग दोन वाजले. वृंदानं स्टूल उचललं, तेव्हा महेंद्र मुद्दाम हात धुवायला मोरीत गेला आणि नळ मोठा सोडून बराच वेळ हात धूत राहिला.

लाइट आली. फिनलंडची यादी बंद झाली होती. महेंद्रनं जगासाठी ती ओळ काढून टाकली आणि स्वतःच्या मशीनवर पुन्हा होती तिथं बसवली. धम्मदीपचा प्रश्न अजून तसाच पडून होता. त्याचं उत्तर मात्र त्यानं एका झटक्यात लिहिलं.

“हो. आमची डीपी वेगळी आहे.”