सुपातले हिरवट दाणे

भर दुपारी अंधारासाठी डोक्यावरून गोधडी घेऊन शर्वरीनं सुपातल्या शेंगदाण्यांवर शाळेच्या प्रयोगशाळेतली जांभळ्या उजेडाची बॅटरी मारली. चार-सहा दाणे हिरवट चमकले.

"काकू, आत ये! हे बघ, बुरशीचं विष!"

"भाजल्यावर काय उरतंय त्यात? आणि तू बाहेर नीघ, उकडून मरशील."

"भाजून नाही जात ते! लिव्हर खराब होतं. आपल्या छकुलीच्या भातात हेच कूट घालतेस ना?"

आठवडाभर पालथ्या घड्यावर पाणी ओतून शर्वरीचा घसा बसला होता. पण लेकीचं नाव निघालं तशी काकू मुकाट गोधडीत शिरली. बाहेर आली ती घामाघूम होऊन, आणि चमकलेले, काळपट, सुरकुतलेले असे सगळे दाणे तिनं वेचून पाटीत काढले. जिंकले! शर्वरीला अंगणात नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू दूध फुंकत छकुलीला भरवायला बसली होती.

"ते दाणे पुरलेस ना गं?"

"पुरू कशाला? अन्न आहे ते. कालपासून म्हशीला घालतेय. दरवर्षी घालतो की!"

"अगं काकू, ते विष दुधात उतरतं!"

छकुलीच्या ओठांशी गेलेली वाटी तिथंच थांबली.

शर्वरी धावत गोठ्यात गेली आणि तिनं म्हशीपुढची पाटी ओढली. म्हशीनं तोंड आणखी खोल खुपसलं. काकूला पटवायला आठवडा लागला होता. आता हिला कोण समजावणार?