बशीतला चहा

"मी नाही बसणार त्या गाडीत." ओवी गॅरेजच्या दारातच अडली. काल दोघं घाट उतरताना ब्रेक तापून लागेनासे झाले आणि आजोबांची जुनी स्पोर्ट्स कार दरीच्या कठड्याशी कशीबशी थांबली होती.

आजोबांनी दोन प्रकारच्या नव्या ब्रेक डिस्क पुढे ठेवल्या. "तू निवड."

"ही चकचकीत!"

आजोबांनी कपातला निम्मा चहा बशीत ओतला. "बोट लावून सांग, कुठला आधी निवला?"

"बशीतला. वारा लागतो ना." तिनं दुसऱ्या, काळपट डिस्कच्या दोन थरांमधल्या फटीत बोट घातलं. "आजोबा, हिला आतूनही वारा लागेल. हीच घ्या!"

डिस्क बसल्या. ओवी गाडीत चढली, लगेच उतरली. गाडीची काढून भंगारात टाकलेली जुनी डिस्क तिनं उचलून मांडीवर घेतली.

"ती कशाला गं?"

"शेवटी हिनंच थांबवलं ना आपल्याला."